चौदा दिवस पुडी

ऑस्की म्हणजे डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, एकेका टेबलावर म्हणजे 'स्टेशन'वर एकेक काम. त्या दिवशी परीक्षकाला खुर्चीवरून हलता येत नाही. दर पाच मिनिटांनी घंटा, नवा विद्यार्थी, तोच प्रश्न. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत ही परीक्षा मांडली ती परीक्षकाच्या लहरीला आळा घालायला. व्हायव्हातल्या, म्हणजे तोंडी परीक्षेतल्या, लहरींचा मार मी स्वतः खाल्लाय, त्यामुळे ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देणारी ऑस्कीची चेकलिस्ट मला प्रिय.

त्या दिवशी आमचा छोटा अभ्यासही चालू होता. एका स्टेशनवर दोन परीक्षक, एकमेकांच्या कागदात न डोकावता गुण द्यायचे आणि मग 'कप्पा' नावाचा आकडा काढायचा, म्हणजे योगायोगाने जुळलं असतं तेवढं वगळून आमचं खरोखर किती जुळतं ते बघायचं. माझ्या स्टेशनवर दोन वर्षांच्या नातवाला जुलाब होतायत म्हणून आलेली आजी होती. त्या भूमिकेत दुसऱ्या विभागातल्या मावशी बसवल्या होत्या. टेबलावर ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या.

पहिला मुलगा आला. नाव सांगितलं, हात धुतले, एक पुडी एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवा, झिंक चौदा दिवस, धोक्याची लक्षणं. सगळं घडाघडा. २० पैकी १९. पलीकडच्या सरांचेही १९.

पुढची मुलगी कुठेतरी अडकली होती, स्टेशन रिकामं राहिलं. मावशी हळूच माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, ते पुडीचं पाणी चौदा दिवस पाजायचं का? आमच्या नातवाला कालपास्नं खरंच जुलाब लागलेत."

परीक्षकाने बोलायचं नसतं. "जरा थांबा, मावशी," एवढंच म्हणाले. आजही ते आठवलं की अवघडल्यासारखं होतं.

मुलगी धावत आली. नाव सांगायची विसरली, हात धुवायची विसरली. थेट विचारलं, "आजी, घरात लिटरचं माप आहे?" नाही म्हटल्यावर माझ्यासमोरची पाण्याची बाटली उचलली. "ही एक भरली की लिटर. अख्खी पुडी घालायची, अर्धी नाही." मग पुडी उलटी करून बघितली. "ही लिटरची आहे. दुकानात छोटी मिळते, ती एका ग्लासाची. तेवढं वाचून घ्या कुणाकडून तरी." आणि शेवटी, "आता तुम्ही मला सांगा, काय करणार?"

मावशींनी पाठ केलेलं सोडलं आणि मनातलं सांगितलं, "चौदा दिवस पुडी."

"नाही हो! पाणी जुलाब थांबेपर्यंत. चौदा दिवस ही गोळी." गोळी मावशींच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा म्हणवून घेतलं. तेवढ्यात घंटा. धोक्याची लक्षणं राहूनच गेली.

चेकलिस्टप्रमाणे १२. पलीकडेही १२. 'समजलं का ते रुग्णाकडून वदवून घेतलं' अशी ओळच आम्ही घातली नव्हती, आणि ती चेकलिस्ट माझ्याच हातची होती.

संध्याकाळी कप्पा बघून सर खूश होते. त्या मुलीची नोंद अभ्यासातून वगळा, मावशींनी संवाद सोडला, असं ते म्हणाले. नियमाने बरोबरच होतं. वगळली.

मावशी मात्र दुपारीच घरी गेल्या होत्या. दोन पुड्या, गोळ्यांची पट्टी आणि माझी रिकामी बाटली घेऊन.