फुगलेले पाच आणि सपाट तीन

भोसरीच्या एका वर्कशॉपचे मालक मदरबोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. पेंटियम थ्रीचा बोर्ड, विंडोज 98 वर चालणारा. त्यांच्या मोजमापाच्या मशीनचं कार्ड त्याच्या आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं, आणि आताच्या साध्या बोर्डांवर तो स्लॉट येतच नाही. ‘‘सकाळी सात-आठदा बटण दाबावं लागतं. एकदा लागला की रात्रीसुद्धा बंद करत नाही, भीती वाटते,’’ ते म्हणाले.

प्रोसेसरशेजारच्या पाच कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्यांची, डोकी फुगली होती. एकाच्या खाचेवर तपकिरी द्रव सुकला होता. 2000 च्या आसपासच्या कितीतरी बोर्डांना हा रोग लागला. कपॅसिटरमधला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, सदोष; आत हायड्रोजन साठतो, दाब वाढतो आणि डोक्यावरची खाच उघडते.

पाचही काढले. इथे घाई केली की बोर्ड जातो. आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, सोल्डर लवकर वितळत नाही, आणि पाय जोरात ओढला तर भोकातलं तांब्याचं अस्तरच उपटून येतं. म्हणून मी आधी ताजं शिशाचं सोल्डर चढवतो, मग एकेक पाय गरम करत कपॅसिटर हलकेच डोलवत काढतो. बुधवार पेठेतून आणलेले 105 अंशांपर्यंत चालणारे, लो-ईएसआर म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे नवे बसवले.

बोर्ड लागला, पण थंड झाल्यावर पुन्हा तेच.

रॅमजवळ त्याच कंपनीचे तीन कपॅसिटर होते, डोकी अगदी सपाट. खरं तर त्यांना हात लावायचा नव्हता. शेवटी काढून मोजले. कपॅसिटन्स, म्हणजे साठवणक्षमता, जवळपास बरोबर, पण ईएसआर दोन ओहमच्या वर! चांगल्याचा ओहमच्या काही शतांशांइतका असतो. गरम झाल्यावर हा अंतर्गत रोध उतरतो. सात-आठदा बटण दाबल्यावर बोर्ड का लागायचा, ते तेव्हा कळलं. सारख्या बनावटीचे सगळे एकदमच बदलायचे, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तिन्ही बदलून बोर्ड रात्रभर थंड ठेवला. सकाळी मालक कार्ड घेऊन आले. एकदाच बटण दाबलं. पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली, विंडोज उघडलं, कार्ड ओळखलं गेलं.

‘‘मी बंद करून बघू?’’ त्यांनी विचारलं.

त्यांनी स्वतः बंद केला. अर्धा तास आम्ही चहा घेत थांबलो. मग त्यांनीच बटण दाबलं.