मानपूरला प्लॉट घेऊ का?

इंदुरात, आमच्या रामबागेत कुणाकडे चहाला बसलं की हा प्रश्न हटकून येतो. "काका, तुमची बँकेची अकरा वर्षं तिथे गेली. मानपूरला प्लॉट घेऊ का? रिटायर झाल्यावर राहण्यासारखं आहे?" एरवी मी "बघा बुवा" म्हणून सुटतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

विचारणारा बहुधा पावसाळा सरता सरता जाऊन आलेला असतो. ढग, हिरवे डोंगर, परतताना रस्त्यावर घेतलेली टोपलीभर सीताफळं. माणूस विरघळतोच.

इंदूरहून महू ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने ४५-५० किलोमीटर गेलं की मानपूर येतं, आणि तिथेच माळव्याचं पठार संपत आलेलं असतं. पुढे घाट, खाली निमाड. जवळच जानापाव आहे. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात. त्या डोंगराचं पाणी दोन दिशांना जातं. चंबळ तिथे उगम पावून उत्तरेला यमुनेकडे निघते, तर अजनार नदी मानपूरजवळून कारम नदीमार्गे नर्मदेला जाऊन मिळते. म्हणजे पाणी येतं आणि दोन्हीकडे निघूनही जातं. खाली काळा पाषाण, त्यात ते फारसं मुरत नाही. माझ्या घरमालकांची विहीर श्रावणात हाताने बादली बुडवावी इतकी भरे आणि एप्रिलमध्ये तिचा तळ दिसे. इंदूरकराला हे पटत नाही, कारण त्याला १९७८ पासून जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेल्या नर्मदेची सवय झालीय.

बाकी सोयी? नगर परिषद आहे, पोलीस ठाणं आहे, सरकारी दवाखाना, शाळा, बँक, किराणा सगळं आहे. रोजचं काही अडत नाही. तहसीलचं काम निघालं की महू. इंग्रजांच्या काळात आजूबाजूला होळकर-पवारांची राज्यं असताना मानपूर हा थेट इंग्रजांचा परगणा होता. मी तिथे असताना मात्र साध्या दाखल्यालाही महूची बस धरावी लागे. आणि बस म्हणजे खासगी, महाराष्ट्रासारखी एसटी आपल्याकडे मध्य प्रदेशात नाही. भरली की सुटणार. दिवसा फिकीर नाही, रस्ता वाहताच असतो. रात्री तोच रस्ता ट्रकवाल्यांचा.

एका डिसेंबरात हिला रात्री दम लागला. दवाखान्यात सुई दिली आणि "महूला न्या" म्हणाले. दवाखान्याची गाडी बाहेर गेलेली. शेवटी चहाच्या टपरीवाल्याने कांद्याचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर पंजाबचा, महूपर्यंत एक शब्द बोलला नाही, पैसेही घेतले नाहीत. हिला अजून कांद्याचा वास आला की ती रात्र आठवते. टपरीवाल्याकडे मात्र आम्ही दर दिवाळीला फराळ पाठवतो. अशी माणसं रामबागेत मिळतील का, हे मी सांगू शकत नाही. मिळाली तरी त्यांची गरज पडत नाही.

तर प्लॉट. घ्यायचाच असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, दुपारी. दलालाला सोबत नेऊ नका. शेजारच्या घरी प्यायला पाणी मागा आणि ते कुठून आणलं, एवढंच विचारा. पाणी देतील ते नक्की.