सगळ्या पावत्या सातावर, सरासरी 6.4

कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही गावच्या दूध संस्थांचं बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. दहा दिवसांचं बिल निघालं की दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात, आणि त्यातले निम्मे प्रिंटरचे असतात. गेल्या महिन्यात एका सचिवांचा फोन आला, "एक म्हातारी उगंच घोळ घालाय लागलीया, येऊन जावा." आमच्याकडं नवीन लागलेली शिकाऊ मुलगी कधी डेअरीत गेली नव्हती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. फॅटची, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाच्या टक्क्यांची, सरासरी काढायचा भाग तिनंच लिहिलेला होता.

आज्जींनी पदराची गाठ सोडून सकाळच्या फॅटच्या आठ पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. 7.1, 7.3, 7.2. मग नातवाच्या बारशाला दोन दिवस दूध घरातच ठेवलेलं. पुढं 7.4, 7.0, 7.2, 7.1, 7.3. आणि बिलावर सकाळची सरासरी फॅट छापलेली, 6.4.

"माझ्या म्हशीला सातच्या खाली एकदा बी लागली न्हाई. मग ह्यो सहा आला कुठनं?"

सचिव म्हणाले, "आज्जी, कॉम्प्युटर चुकत नसतोय." हे वाक्य मला आजही सहन होत नाही. पैसे रोजच्या फॅटवर निघतात, ते बरोबर होते. पण गावात फॅट मारल्याच्या संशयावरनं माणसं संस्था बदलतात. छापलेला आकडा नुसता माहितीसाठी आहे, हे सांगून तो संशय जात नाही. आणि आज्जींचा मुद्दा बिनतोड होता. सगळे आकडे सातावर असतील तर सरासरी सहावर येऊच शकत नाही. आमच्या कुठल्याही चाचणीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

लॅपटॉप उघडला. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या दिवशी फॅटच्या लिस्टमध्ये शून्य पडायचं. मुलीनं फॉर लूप लावून, म्हणजे लिस्टमधला एकेक आकडा ओळीनं बघत, शून्य दिसलं की रिमूव्ह केलं होतं, आणि उरलेल्यांची सरासरी काढली होती. वाचायला अगदी सरळ वाटतं. नवशिके हे हमखास असंच लिहितात, कारण पावत्यांचा गठ्ठा हातात असला तर आपणही कोरी पावती दिसली की बाजूला काढतो आणि पुढची बघतो.

पण आमचं सॉफ्टवेअर ज्या भाषेत आहे त्या पायथनचा लूप जागा मोजत जातो. मी आज्जींच्या पावत्यांमध्ये दोन कोरे कागद ठेवले आणि मुलीला बोट ठेवायला सांगितलं. मोजणी शून्यापासून. बोट तीन नंबरवर आलं, पहिला कोरा कागद. तो उचलला. लगेच मागची सगळी रांग एक जागा पुढं सरकली आणि दुसरा कोरा कागद तीन नंबरवर आला. बोट मात्र चारवर गेलं, 7.4 वर. दुसरा कोरा तसाच राहिला. आठ पावत्यांची बेरीज 57.6, तिला आठाऐवजी नऊनं भागलं. 6.4.

खाडा एकाच दिवसाचा असेल तर उत्तर बरोबर येतं. सलग दोन किंवा जास्त दिवसांचा असेल तरच चुकतं, आणि तेही काही न बोलता. पायथनच्याच डिक्शनरीवर, म्हणजे नावानिशी ठेवलेल्या नोंदींवर, फिरताना नोंद काढली तर एरर येते, जावा या दुसऱ्या भाषेतही अशी छेडछाड बहुतेक वेळा पकडली जाते. लिस्ट गप्प बसते, आणि चूक थेट छापील बिलावर जाते.

मुलीनं तिथंच दुरुस्ती केली. नवीन नाव घेऊन त्यात जुनी लिस्ट टाकली, नव्यावर लूप फिरवला आणि जुन्यातनं शून्यं काढली. पुन्हा 6.4. तिचा चेहरा उतरला. बरोबरचं चिन्ह लावून दुसरं नाव दिलं म्हणजे दुसरी लिस्ट होत नाही. एकाच म्हशीला दोन नावांनी हाक मारल्यासारखं आहे ते. शेवटी काढाकाढी सोडून दिली आणि शून्य नसलेल्या नोंदींची वेगळी लिस्टच बनवली. 7.2 आलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला विचारलं होतं. लूप चालू असतानाच काढलं तर चालतं ना, म्हणून." विचारलं होतं. मी कोड वाचला नाही, आउटपुट बघितलं आणि पुढं जा म्हणालो. चाचणीचा डेटाही मीच दिला होता, आणि त्यात सगळे खाडे सुटेसुटे होते. कॉलेजात लिस्टचे दहा फंक्शन पाठ करून घेतात, पण ओळ सरकते तेव्हा काय होतं हे कागदावर कुणी करून दाखवत नाही. ते दाखवणं माझं काम होतं.

आणि न आलेल्या दुधाला शून्य फॅट लिहायचं हे तर तिच्याही आधीपासून चालत आलेलं, माझंच. दूध आलं नाही म्हणजे नोंद नाही. शून्य फॅटचं दूध जगात कुठल्या म्हशीनं दिलंय? आता त्या जागी शून्य जात नाही, आणि सरासरी सगळ्यात कमी फॅटच्या खाली गेली तर बिल छापलंच जात नाही.

त्या दिवशी निघण्याआधी नवीन बिल छापून आज्जींच्या हातात दिलं. सचिवांना ते पुन्हा छापायचं नव्हतं. मी त्यांचं ऐकलं नाही. आज्जींनी 7.2 वर बोट ठेवून आकडा दोनदा वाचला, बिल घडी करून पदरात बांधलं आणि विचारलं,

"आन् मागल्या बिलाचं रं, बाळा? तवा बी मी तीन दिस लेकीकडं गेलती."

मी लॅपटॉप परत उघडला.