आजींच्या शिवणाच्या डब्यातली लोखंडी रिंग

मागच्या महिन्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. लोखंडाची जाड रिंग, आतून आटे पाडलेले, बाहेरून बोटांना पकड मिळावी म्हणून नर्लिंग, म्हणजे खरखरीत नक्षी, केलेलं. खाली लिहिलं, हे काय असेल? अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळं आयुष्य लेथवर काढलंय, सकाळी आठला शटर वर, त्यामुळे असल्या गोष्टीला त्यांचं उत्तर लगेच येतं. पाच मिनिटांत फोनच आला. "कुठं गावलं हे तुला? नळाचं न्हवं पोरी हे. आटा बघ की किती बारीक धरलाय. करणारा कच्चा न्हवता."

ती रिंग आमच्या घरमालकीण आजींची. पोलंडमध्ये वॉर्सात व्होला नावाचा भाग आहे तिथे मी तीन वर्षं राहते, खालच्या मजल्यावर आजी एकट्या असतात, वय ८७. इकडे आजीला बाब्चा म्हणतात, मीही तेच म्हणते आणि त्यांना ते आवडतं. मी कोल्हापूरची आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला आत बोलावून चहा दिला होता, कारण कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव त्यांना ठाऊक होतं. १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवड्याच्या कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बायका आणि मुलंच जास्त, आणि त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ती माणसं रशियाने सैबेरियाकडे हाकललेली होती, वॉर्साची कहाणी वेगळी. पण आजींनी ते नाव घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तर रिंगेबद्दल. आजींचे वडील टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे. युद्धाच्या काळात व्होलातल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, दिवसा जर्मनांच्या ऑर्डरची कुलपं आणि बिजागऱ्या, आणि रात्री "पंपाचे पार्ट". घरात कुणी विचारलं तर हेच उत्तर, पंपाचे पार्ट. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांच्या, त्यांना एवढंच आठवतं की वडील उशिरा यायचे आणि हाताला तेलाचा वास असायचा. वडील १९६० च्या दशकात गेले, शेवटपर्यंत पंपच म्हणत राहिले. त्यानंतर आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली कागदात गुंडाळलेली ही रिंग सापडली.

आता हे पंप काय होते ते सांगते, कारण आपल्याकडे शाळेत दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, हिरोशिमा आणि धडा संपला. वॉर्सात १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. (१९४३ चा ज्यू घेट्टोतला उठाव तो वेगळा, पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात.) लढणारी होती आर्मिया क्रायोवा, म्हणजे देशातली भूमिगत फौज. कॉलेजची पोरं, ट्राम कामगार, नर्सेस, स्काउटमधली मुलं, सगळ्यांना टोपणनाव आणि दंडावर लाल-पांढरी पट्टी. आणि पहिल्या दिवशी जेमतेम दहातल्या एकाच्या हातात धड बंदूक होती. बाकीच्यांकडे काय? पेट्रोलच्या बाटल्या आणि हातबॉम्ब, त्यातले बरेचसे शहरातच बनलेले.

हातबॉम्ब दोन प्रकारचे. एक सिदोलूफ्का, कारण तो अगदी सिदोल नावाच्या धातू चमकवायच्या पॉलिशच्या डब्यासारखा दिसायचा. आपल्या घरी पितळेची समई घासायला ब्रासोचा डबा असतो ना, तसला डबा डोळ्यापुढे आणा. दुसरा फिलिपिन्का, तो पडला की आपटून फुटणारा, म्हणजे आत अशी यंत्रणा हवी की हातात असताना काही व्हायला नको आणि जमिनीला लागताच फुटायलाच हवा. दोन्ही लाखोंनी बनले, जर्मनांच्या नाकाखाली. आतली स्फोटक दारूही घरगुती, भूमिगत प्रयोगशाळांत केलेली, आणि उठाव सुरू झाल्यावर तर न फुटलेले जर्मन गोळे उघडून त्यातली दारू काढायचे. कोण काढायचं? माणसंच. त्यात कितीतरी जण गेले असतील, विचार केला तरी पोटात गोळा येतो.

पण माझा जीव अडकला तो ब्विस्काविट्सा नावाच्या सबमशीनगनमध्ये. नावाचा अर्थ वीज. १९४२ मध्ये वात्स्वाफ झाव्रोत्नी आणि सेवेरिन व्येलानियेर ह्या दोन इंजिनियर मित्रांनी तिचं डिझाइन करायला घेतलं. बाहेरून ब्रिटिशांच्या स्टेन गनसारखी, आतली रचना जर्मन गनवरून घेतलेली, पण जोडणी पूर्णपणे स्वतःची, सगळं स्क्रू आणि आट्यांवर. त्या काळच्या तसल्या गनमध्ये वेल्डिंग असायचं, ह्यात ते टाळलं. म्युझियममध्ये काचेपलीकडे ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ह्यातलं काही कळलं नव्हतं, काळं ओबडधोबड लोखंड वाटलं. फोटो अण्णांना पाठवला तेव्हा ते म्हणाले, "ह्यात वेल्डिंग कुठाय?" आणि मग त्यांनीच उलगडून सांगितलं. वेल्डिंगला सामान पाहिजे, उजेड दिसतो, आवाज होतो, शिवाय एका जागी सगळं जुळवावं लागतं. पण आटा पाडायला काय, लेथ आणि माणूस. लेथ तर शहरात गल्लोगल्ली. एक पार्ट ह्या वर्कशॉपमध्ये, दुसरा त्या टोकाला, आणि दोघांनी ड्रॉइंगबरहुकूम माप धरलं तर तिसऱ्या ठिकाणी हाताने फिरवून बसतं.

असंच झालं होतं. पार्ट वेगवेगळ्या ठिकाणी बनायचे आणि कुंपणाच्या जाळ्या करणाऱ्या एका कारखान्यात चोरून त्यांची जुळणी व्हायची. करणाऱ्याला अख्खी वस्तू काय आहे हे न कळणंच बरं, कारण गेस्टापोने, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी, धरलं तर माणूस जे जाणत नाही ते सांगू शकत नाही. पार्ट इकडून तिकडे न्यायला बाया आणि पोरी, बाजाराच्या पिशवीत बटाट्यांखाली. अशा सुमारे ७०० गन झाल्या. व्यापलेल्या देशात, चोरून, स्वतःच्या डिझाइनची सबमशीनगन एवढ्या संख्येने बनवणं म्हणजे काय हे ज्याने कारखान्यात एक तरी बॅच रिजेक्ट झालेली पाहिलीय त्याला कळेल.

म्हणून आपली मंडळी इथे फिरायला येतात आणि म्युझियममध्ये "काय जुगाड केलाय बघ" म्हणतात तेव्हा मला फार लागतं. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथे तसं नव्हतं, इथे माप होतं. अनोळखी माणसाने केलेल्या पार्टमध्ये तुमचा पार्ट बसलाच पाहिजे, नाहीतर पुढे कुणीतरी वीस वर्षांचं पोरगं रस्त्यात गन अडकून मरणार. ह्याला कारागिरीच म्हणायचं.

कुबुश नावाच्या गाडीचंही तसंच. पोविश्ले भागातल्या वर्कशॉपमध्ये एका शेवर्ले ट्रकवर पोलादी पत्रे चढवून ऑगस्टमध्ये उठाव चालू असतानाच त्यांनी चिलखती गाडी उभी केली, दोनेक आठवड्यांत. विद्यापीठ जर्मनांच्या ताब्यात होतं, त्यावरच्या हल्ल्यात ती दोनदा गेली. विद्यापीठ काही हाती आलं नाही. बनवणाऱ्यांचा प्रमुख युझेफ फेर्निक, त्याची बायको उठावाच्या सुरुवातीलाच मारली गेली होती, तिचं टोपणनाव कुबुश, तेच गाडीला दिलं. गाडी टिकली, आजही इथल्या सैनिकी म्युझियमकडे आहे, आणि तिची प्रतिकृती उठावाच्या म्युझियममध्ये बघायला मिळते. ते म्युझियम आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, ट्रामच्या जुन्या वीजघरात, २००४ मध्ये उघडलं. साठ वर्षांनी. एवढा उशीर का, तर युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने ह्याच लोकांना तुरुंगात टाकलं, काहींना मारलं, त्यामुळे घरोघरी लोक गप्प बसले. आजींच्या वडिलांचा पंप म्हणजे तीच गप्प बसायची सवय असावी असं मला वाटतं.

आजींची स्वतःची आठवण बंदुकीची नाहीच, ती सूपची आहे. त्या आईबरोबर शहराच्या मधल्या भागात एका तळघरात होत्या. खायला संपलं तेव्हा व्होलातल्या हाबरबुश आणि शीले ब्रुअरीच्या गोदामातून सातू, म्हणजे बार्ली, पाठीवर पोती मारून आणायचे, आणि ते न कांडता, कोंड्यासकट शिजवायचे. खाताना कोंडा थुंकायचा, म्हणून नावच पडलं प्लुय-झुपा, थुंकायचं सूप. आजी अजूनही सातू चार-चार पाण्यात धुतात, मी म्हटलं बाब्चा पाकिटातला आहे, स्वच्छ असतो, तर म्हणाल्या हाताला सवय आहे. आणि एक आठवण, त्यांच्या तळघरात एक मुलगा चिखलाने आणि घाणीने माखलेला आला होता, जुन्या शहरातून गटारांतून. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथून पाच हजारांच्या आसपास माणसं त्या गटारांतून पार झाली. आईने त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि तो बसल्या बसल्या झोपला, एवढंच त्यांना आठवतं, पुढे त्याचं काय झालं ठाऊक नाही.

शेवटी २ ऑक्टोबरला शरणागती. दीड ते दोन लाख सामान्य माणसं मेली. एकट्या व्होलात, म्हणजे मी रोज भाजी आणते त्या रस्त्यांवर, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हजारो लोकांना घराबाहेर काढून गोळ्या घातल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या आहेत, त्यांच्यापाशी ताजी फुलं असतात. उरलेलं शहर रिकामं करून जर्मनांनी घरं एकेक करून उडवली. उठाव करायला हवा होता की नको ह्यावर इथे आजही घराघरात वाद होतात आणि बाहेरून आलेल्या मी त्यात बोलू नये असं मला वाटतं. १ ऑगस्टला पाच वाजता भोंगे वाजतात तेव्हा मी ट्रामच्या स्टॉपवर उभी होते, ट्राम थांबली, गाड्या थांबल्या, समोरचा डिलिव्हरीवाला पोरगा सायकलवरून उतरून हेल्मेट काढून उभा राहिला, एक मिनिट.

तर अण्णा. त्यांनी मला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, विकत घ्यायला लावलं. रविवारी आजींच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघींनी रिंग मोजली, आतला व्यास, जाडी, आट्यांमधलं अंतर, अण्णा व्हिडिओ कॉलवर चष्मा लावून, "आडवं धर, जरा फिरवून परत बघ, एका जागी मोजायचं न्हाई." तीन ठिकाणी मोजलं आणि तिन्ही वेळा माप तेच आलं. अण्णा जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, हे बंदुकीचं आहे का पंपाचं ते मी इथनं सांगू शकत न्हाई, पण रात्री, तसल्या उजेडात, तसल्या भीतीत हे केलं असलं तर त्या माणसाला माझा नमस्कार सांग.

आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काय म्हणाले तुझे वडील? माझं पोलिश तसं तोकडंच, नमस्काराचं नीट सांगता येईना. मग इथे कामाच्या ठिकाणी सगळे जे म्हणतात तेच म्हटलं, दोब्रा रोबोता. काम चांगलंय.

आजींनी रिंग कागदात गुंडाळली, डब्यात बटणांच्या खाली ठेवली, झाकण लावलं. मग परत उघडून वर ठेवली.