गुरुवारी लाईट गेली आणि न्यूट्रॉनचा विषय निघाला

गुरुवार होता, त्यामुळे दुपारी लाईट गेलीच, सीआरओ (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) बंद आणि टीवायचं प्रॅक्टिकल अर्धवट. पोरं जर्नल लिहीत बसली होती, तेवढ्यात सासवडहून एसटीने येणारी एक मुलगी, एरवी वर्गात तोंडसुद्धा न उघडणारी, म्हणाली, "सर, न्यूट्रॉनच्या आत चार्जवाले क्वार्क नावाचे कण आहेत ना, मग एका टोकाला थोडा प्लस, दुसऱ्या टोकाला थोडा मायनस असं का नसतं?"

मला काही बोलताच येईना. अहो, हा तर स्ट्राँग सीपी प्रॉब्लेम, फिजिक्समधलं अजून न सुटलेलं कोडं! आणि ही पोरगी तिथे स्वतःच्या डोक्याने पोचलेली.

म्हटलं, बाळा, थिअरी तर म्हणते की असायला हवं. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाची थिअरी म्हणजे क्यूसीडी, तिच्यात थीटा नावाचा आकडा आहे, प्लस-मायनस किती वेगळे होतील ते त्यावर ठरतं, तो काहीही असू शकतो, पण स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूट्रॉनचं हे वेगळेपण मोजलं, 2020 ला निकाल आला, तरी काहीच सापडलं नाही, म्हणजे थीटा हजार कोटीत एक भाग, त्याहूनही कमी. एवढा बारीक का? 1977 मध्ये पेच्चेई आणि क्विन म्हणाले की तो ठरलेला आकडा नाहीच, ते फील्ड आहे, परातीत सोडलेली गोटी तळाला येते तसं आपोआप शून्यावर येऊन बसतं. मग 1978 मध्ये वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी वेगवेगळं दाखवलं की असं फील्ड असेल तर त्याचा कणही हवा. तोच अ‍ॅक्सिऑन. डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, कदाचित त्याचंच असेल, मला तरी हीच कल्पना सगळ्यात आवडते.

तोवर सगळी बॅच फळ्याभोवती. कुणीतरी ग्रँड युनिफिकेशनचं (गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची बलं मुळात एकच, ही कल्पना) विचारलं, मग प्रोटॉन कधीतरी तुटायला हवा हे आलं, कोलारच्या सोन्याच्या खाणीत आपल्या टीआयएफआरचे (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) लोक 80 च्या दशकात प्रोटॉन तुटतो का तेच शोधत होते हेही सांगितलं.

सिएटलचा एडीएमएक्स हा प्रयोग अ‍ॅक्सिऑनसाठी मोठ्या मॅग्नेटमध्ये मायक्रोवेव्ह कॅव्हिटी (धातूचा पोकळ डबा) रेडिओसारखी ट्यून करत बसतो, साधारण एक गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि अ‍ॅक्सिऑन जितका हलका तितकी फ्रिक्वेन्सी कमी, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण ते फील्ड ज्या एनर्जीला तयार होतं तो स्केल वाढला की अ‍ॅक्सिऑन हलका होतो म्हणालात ना, मग ग्रँड युनिफिकेशनचा स्केल घातला तर?" आणि जर्नलच्या मागच्या पानावर लागलीच गणित मांडलं. 1 पुढे 16 शून्यं इतके जीईव्ही (कणांची एनर्जी मोजायचं एकक), मास (तेही एनर्जीच्याच एककात) अर्ध्या नॅनोइव्हीच्या थोडं वर, त्याला प्लँकच्या स्थिरांकाने भागलं, फ्रिक्वेन्सी आली साधारण 138 किलोहर्ट्झ. आपली पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लागते, हे तर तिच्याही खूप खाली! मी दोनदा तपासलं. बरोबर होतं.