बॉलची वर्गणी

भाचा शिकायला इंग्लंडात लेस्टरला गेला तेव्हा आमच्याकडे पहिली अडचण झाली ती गावाच्या नावाची. स्पेलिंग वाचून ताई आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला 'लायसेस्टर' सांगत होती. शेवटी त्यानंच फोनवरून कळवलं, 'आई, मधली अक्षरं खाऊन टाक.' खाण्याच्या बाबतीत नागपूरकराला दोनदा सांगावं लागत नाही.

परवा त्याने स्टेडियमसमोरचा फोटो पाठवला. निळी जर्सी, छातीवर कोल्ह्याचं तोंड. खाली मजकूर : 'मामा, हा फुटबॉल क्लब शाळेच्या पोट्ट्यांनी काढला, माहीत हाये का?' मला माहीत नव्हतं. मग दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, आणि भाजी आणायची राहून गेली ती वेगळीच.

गोष्ट १८८४ ची. म्हणजे आपल्याकडे हिस्लॉप कॉलेज निघून एकच वर्ष झालं होतं, आणि मॉरिस कॉलेज निघायला एक वर्ष बाकी होतं. विगेस्टन नावाच्या शाळेतून बाहेर पडलेली काही पोरं लेस्टरच्या फॉस रोडजवळ जमली आणि त्यांनी क्लब काढला. नऊ पेनी सभासदत्वाचे, तेवढेच बॉलचे. मला हे नऊ पेनी फार आवडले. घटना, नियम, अध्यक्ष, उपाध्यक्ष हे सगळं पुढे होत राहतं. आधी बॉल पाहिजे. १ नोव्हेंबर १८८४ ला ही मंडळी सायस्टन फॉस या संघाशी पहिली मॅच खेळली आणि पाच-शून्यने जिंकलीसुद्धा.

नाव ठेवलं लेस्टर फॉस. त्या बाजूने जुना रोमन रस्ता जातो, त्याच्यावरून हे नाव. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खंदक, चर. म्हणजे आपल्या भाषेत नाल्याकाठचा क्लब! हे वाचून जीव थंड झाला, कारण आमचीही टीम नाल्याकाठचीच. आता त्या पाण्याला नाग नदी म्हणतात, शहराचं नावही तिच्यावरून पडलं, वगैरे सगळं खरं. पण बॉल आत गेला की 'नदीत गेला' असं आमच्यातलं कोणी कधी म्हटलं नाही. 'नाल्यात गेला बे' असंच ओरडायचे, आणि ज्याने मारला त्यानेच उतरायचं हा आमचा एकमेव लेखी नियम होता.

लेखी, कारण आमच्याकडे वही होती. शाळा सुटल्यावर दप्तरांचे गोलपोस्ट करून खेळणारे आम्ही चौदा जण. दहावी झाली तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळायचे. मग ठरलं, रबरी बॉल पुरे, आता चामड्याचा घ्यायचा. डोईवर दोन रुपये. त्यासाठी शंभर पानी वही घातली आणि ती आमच्यातल्या एका हिशेबी पोट्ट्याकडे दिली. त्याच्या वडिलांचं सीताबर्डीवर कापडाचं दुकान होतं, एवढी पात्रता पुरेशी होती. बॉल आला. आतलं ब्लॅडर, वरची नाडी, आणि त्या नाडीवर हेडिंग बसलं की कपाळावर उठणारी खूण. पंक्चर झालं की सायकलवाल्याकडे. तो ब्लॅडर पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा, कानशीने घासायचा, सोल्यूशन लावून फुंकर मारायचा, ठिगळ दाबायचा. आम्ही भोवती असे उभे, की जणू आत ऑपरेशन चाललंय. पावसाळ्यात चामडं पाणी प्यायचं आणि बॉल दुधी भोपळ्यासारखा जड व्हायचा. उन्हाळ्यात कोणाची टाप होती खेळायची! पंचेचाळीस अंशांत नागपुरात फक्त कूलर धावतो.

दोन पावसाळ्यांत टीम विरली. कोणी पॉलिटेक्निकला गेला, कोणी पुण्याला, एकाचं लग्नच झालं.

लग्नाचं फुटबॉलशी वाकडं आहेच. १९०९ साली लेस्टर फॉस नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून बारा-शून्यने हरलं. बारा! चौकशी बसली तेव्हा कळलं, की खेळाडू आधी एका सहकाऱ्याच्या लग्नाचा आनंद साजरा करून आले होते. आमच्याकडच्या पंगतीत बसून उठलेल्या माणसाला हे विचित्र वाटायचं कारण नाही. मला तर बारा गोल कमीच वाटले.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा क्लबचे पैसेही संपले होते. जुना व्यवहार बंद करून १९१९ मध्ये नव्याने उभा केला. त्याच वर्षी लेस्टरला 'सिटी'चा दर्जा मिळाला, म्हणून क्लबही लेस्टर सिटी झाला. गावाचा मान वाढला की क्लबचंही नाव वाढतं. उलटं झालं तर काय होतं ते मात्र आम्हालाच विचारा. १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं आणि पुढे उपराजधानीवर भागवावं लागलं, ते दुखणं आमची आधीची पिढी अजून चहाबरोबर घेते.

२०१६ ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेबाज लेस्टरच्या विजेतेपदावर एकाला पाच हजार द्यायला तयार होते, आणि प्रशिक्षक रानिएरींच्या या संघाने अख्ख्या मोसमात फक्त तीन सामने हरून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यांत वरची स्पर्धा, जिंकली. एक गंमत मात्र मला आत्ताच कळली. ज्या संध्याकाळी जेतेपद पक्कं झालं, त्या संध्याकाळी लेस्टर खेळतच नव्हतं. टॉटनहॅमने चेल्सीशी दोन-दोन बरोबरी केली आणि इकडे हे विजेते ठरले. टॉटनहॅमही शाळकरी पोरांनीच काढलेला क्लब, १८८२ चा. एका शाळेच्या पोरांची मॅच अडली आणि दुसऱ्या शाळेची पोरं नाचली.

आपल्याकडेही शाळा आणि फुटबॉल फार लांब नाहीत. कामठीत रब्बानी नावाची शाळा आहे आणि रब्बानी नावाचा क्लबही. आणि हिस्लॉपमधले खेळाचे शिक्षक विजय बारसे यांना २००१ च्या एका पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली, त्यातून अशा पोरांना फुटबॉल खेळवणारी स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. तिथे तर नऊ पेनीसुद्धा नव्हते. बादली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मला आमची वही आठवली. रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तो हिशेबी पोट्ट्या भेटला. आता त्याचे सगळे केस पांढरे झालेत आणि दुकान मुलगा पाहतो. मी त्याला लेस्टर, नऊ पेनी, बारा गोल असं सगळं रंगवून सांगितलं. तो शांतपणे तर्री ओरपत होता.

'बॉल माळ्यावर हाये,' तो म्हणाला. 'चामडं पार वाळलं. वही पण हाये.'

'अजून ठेवलीस?'

'काहून नाही ठेवणार? तुझे आठ आणे बाकी हायेत. दीडच रुपया देल्ला होता तू.'

पोह्यांचे पैसे मी दिले. आठ आणे त्याने त्यात वळते करून घेतले नाहीत.