बोलक्या चुका, मुक्या चुका

जावास्क्रिप्ट ही वेबपानांना हलतं-बोलतं करणारी प्रोग्रामिंगची भाषा. तिच्या कन्सोलवर, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरं उमटली की नवशिका दचकतो आणि मुरलेला प्रोग्रामर उलट जरा निवांत होतो. चूक कुठल्या जातीची, कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, सगळं आयतं हातात येतं. एवढं सरळ कोण सांगतं हो!

त्यातही सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या व्याकरणातली चूक, सगळ्यात सरळमार्गी. एक कंस मिटायचा राहिला तर त्या स्क्रिप्टची एकही ओळ चालत नाही. रेफरन्सएरर, म्हणजे अस्तित्वातच नसलेलं नाव वापरणं, बहुतेक वेळा स्पेलिंगचा, किंवा लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षराच्या गफलतीचा. दोन मिनिटांत मिटतो.

खरा छळवादी टाइपएरर, म्हणजे एखाद्या किमतीकडून तिला न जमणारं काम मागणं. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' हे वाक्य न वाचलेला जावास्क्रिप्टवाला मला अजून भेटलेला नाही. अनडिफाइन्ड म्हणजे 'इथे काहीच किंमत नाही'. गंमत अशी की हा एरर ज्या ओळीवर फुटतो, तिथे सहसा चूक नसतेच. कुठेतरी दूर यादीत शोधणाऱ्या 'फाइंड'ला हवी ती वस्तू सापडली नाही, कुणी फंक्शनमध्ये (ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) उत्तर परत देणारं 'रिटर्न' लिहायला विसरलं, किंवा सर्व्हरकडून माहिती यायच्या आतच ती वापरायला घेतली. तिथे जन्मलेलं अनडिफाइन्ड या फंक्शनकडून त्या फंक्शनकडे निमूटपणे फिरत राहतं. कुणीतरी त्याच्यापुढे टिंब देऊन काही मागतं, तेव्हा स्फोट. मग माग काढत उलटं जायचं. २०२० साली भाषेत प्रश्नचिन्ह आणि टिंब अशी सोय आली: वस्तू नसेल तर गुपचूप अनडिफाइन्ड घ्या आणि पुढे चला. सोय चांगलीच आहे, पण काही जण ती मिठासारखी सगळीकडे भुरभुरवतात. एरर जातो, आणि स्क्रीनवर नावाच्या जागी रिकामी जागा उरते.

रेंजएरर बहुधा स्वतःलाच बोलावत सुटलेल्या फंक्शनमुळे क्रोममध्ये दिसतो. फायरफॉक्स त्याच गोष्टीला इंटर्नलएरर म्हणतो. यूआरआयएरर वेबपत्ता उलगडताना एखाद्या सुट्या टक्केचिन्हावरून उगवतो. इव्हलएररचं नाव अजून यादीत आहे, पण आताची भाषा स्वतःहून तो कधीच फेकत नाही.

मला धास्ती आहे ती न बोलणाऱ्या चुकांची. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. चूक फेकायची आणि झेलायची 'ट्राय-कॅच'ची सोय या भाषेच्या अधिकृत नियमावलीत आली ती थेट १९९९च्या तिसऱ्या आवृत्तीत. तोवर अडचण आली की काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून न्यायची सवय भाषेच्या अंगवळणी पडली असावी, असं मला वाटतं. अवतरणातल्या '५'मध्ये ३ मिळवले तर ५३ होतात, वजा केले तर २. १०, ९ आणि १ यांना क्रमाने लावायला सांगितलं तर १, १०, ९ असा क्रम मिळतो, कारण काही न सांगता 'सॉर्ट' केलं तर आकडेही अक्षरांसारखे लावले जातात. महिने शून्यापासून मोजायचे असल्याने फेब्रुवारी म्हणजे १. आणि २०२४ची ३० फेब्रुवारी मागितली तरी तक्रार नाही, भाषा बिनबोभाट १ मार्च हातात ठेवते.

या सगळ्यांत वाईट म्हणजे राहून गेलेला 'अवेट', म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब' असं सांगणारा शब्द. पासवर्ड तपासणारं असिंक (उत्तर सवडीने देणारं) फंक्शन 'इफ'च्या अटीमध्ये बोलावलं आणि त्याच्याआधी अवेट लिहायचं राहिलं, की हातात 'हो' किंवा 'नाही' येत नाही, येतं ते फक्त प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देण्याचं वचन. आणि प्रॉमिस ही वस्तू असल्याने अटीच्या दृष्टीने ते नेहमीच खरं. म्हणजे दार सताड उघडं. एरर नाही, इशारा नाही. चाचणी घेणारा योग्य पासवर्ड टाकतो, आत जातो आणि काम झालं म्हणून कळवतो. चुकीचा पासवर्ड मुद्दाम टाकून बघणारा कुणीतरी खवचट माणूस भेटेपर्यंत हे असंच चालू राहतं.